मागे पाच अंश

३ जानेवारी

…तर मी आधी पाणी तापत ठेवलं, मग रात्रीची भांडी विसळली, मग ह्यांच्या बुटांतले ओले कागद काढून कोरडे कोंबले. रात्रभर शेगडीपाशी ठेवले तरी टाचेकडे ओल राहायचीच. चहा झाला तेव्हा हे मोज्याचं भोक अंगठ्याने आणखी मोठं करत बसले होते. "द्या, टाका घालते," म्हटलं. "आल्यावर घाल," म्हणाले. डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं म्हणून त्याला सुतळी बांधली. तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी आली. मी बादली घेऊन धावले. वर आले तर हे निघून गेले होते, आणि दार पुरतं ओढलेलं नव्हतं. रिकाम्या खोलीलाच मी ओरडले, की सगळी ऊब बाहेर चालली आहे.

लोकांना वाटतं त्या सकाळी काहीतरी वेगळं झालं असेल. निघताना मागे वळून पाहिलं असेल, माझ्या मनात चुकचुकलं असेल. काही नाही. कचऱ्याची बादली आणि उघडं दार.

वर्ष होत आलं. लिहायची मला सवय नाही. वाचायची आहे, आणि तीही उशिरा लागली. वाचनालयातल्या बाई म्हणतात, डोक्यात कोंडून ठेवू नका, कागदावर काढा. तर काढते. कारण आज कामावर नवी लेबलं आली.

आमची कंपनी भुंगेरे पाळते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले, लेडीबर्ड म्हणतात ते. घाटापलीकडे हरितगृहं आहेत. तिथे भर हिवाळ्यात भाज्यांवर मावा पडतो, तो हे भुंगेरे खातात. आम्ही त्यांना थंड खोलीत निजवून ठेवतो आणि मागणी येईल तशी खोकी भरून पाठवतो. भरण्याचं काम माझं. गाडी नेण्याचं काम ह्यांचं होतं.

लेबलावर बर्फात बसलेला एक भुंगेरा आहे. गुबगुबीत, हसरा. त्याखाली लिहिलंय: "घाटातल्या वादळातूनही जिवंत!"

मी ते हातात धरून उभी राहिले. शेजारी घड्याळबाई होती. तिला हे नाव मीच पाडलं, कारण ट्रे बाहेर काढले की वेळ धरायचं काम तिचं. ती म्हणाली, "बघू नकोस. चिकटवत जा. तोंड दुसरीकडे कर आणि चिकटवत जा."

"कोणतं वादळ हे?"

"अगं, असंच लिहितात."

"असंच नाही. एकच वादळ झालं. एकच गाडी अडकली."

माझ्या पुढ्यातला गठ्ठा तिने आपल्याकडे ओढून घेतला. मी तो परत ओढला. माझं काम मी करीन. दिवसभर चिकटवली. ते उद्गारचिन्ह कोणी घातलं, त्याचं तोंड मला एकदा पाहायचं आहे.

५ जानेवारी

झालं ते एकदा सरळ लिहून टाकते.

घाटात बर्फ पडलं, रस्ता बंद झाला, गाडी मध्येच अडकली. केबिनमधला हीटर त्याआधीपासूनच बंद होता. मागच्या कंटेनरला मात्र स्वतःचं छोटं इंजिन आहे. ते गाडीच्याच टाकीतलं डिझेल पितं. आत पाच अंश राखायचे असतात. फार खाली गेलं तर भुंगेरे गोठतात, वर गेलं तर जागे होतात. ह्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं, म्हणजे डिझेल मागच्याला पुरेल. ते पुरलं. रस्ता साफ करणारे पोचले तेव्हा कंटेनरचं इंजिन गुरगुरत होतं, आणि हे सीटवर हात काखेत घालून बसलेले होते.

माल दुसऱ्या गाडीत घालून त्याच दिवशी पोचवला. सगळे भुंगेरे जिवंत. कंपनीचे साहेब मला भेटायला आले तेव्हा म्हणाले, "जाता जाता त्यांनी माल वाचवला, बाई." मी मान हलवली. ती मान का हलली, या विचाराने अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आत पाच अंश होते. पाच अंशांत माणूस मरत नाही. खोक्यांच्या मध्ये शिरायचं, पेंढा अंगावर ओढायचा, रात्र काढायची. पण कंटेनरच्या दाराला सील असतं. एक तार आणि शिशाचा एक मणी. ते तुटलेलं दिसलं की पलीकडचे लोक माल उतरवून घेत नाहीत, आणि ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीपासून घरी. पक्कड ह्यांच्या पायाशी होती. सामानाबरोबर ती माझ्याकडे आली.

अहो, तोडायचं होतं.

एवढंसं तर होतं ते. तोडायचं होतं आणि आत जाऊन बसायचं होतं.

९ जानेवारी

वाचनालयातून किड्यांचं जाड पुस्तक आणलंय. पुठ्ठा सुटलेला, मधली पानं उलटी शिवलेली. तरी वाचते. ज्याच्यासाठी माझा माणूस गेला ते काय आहे, ते मला नीट माहीत असलं पाहिजे.

मला वाटायचं, थंडी म्हणजे थंडी. तसं नाही. थंडी किड्यावर एकटी येत नाही. बरोबर कोरडी हवा येते आणि उपासमार येते. म्हणून भुंगेरा आधीच तयारी करतो. शरद सरला की भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतो, मग पोट पार रिकामं करतो, कारण पोटातल्या कणाभोवती बर्फ धरतं. रक्तात गोडसर काहीतरी तयार करतो, त्याने रक्त शून्याखालीही पातळ राहतं. मग शेकड्यांनी एकमेकांना चिकटून बसतात. अंगावर पाण्याचा थेंब राहिला तर त्यातून बर्फ आत शिरतं. हवा अगदी कोरडी झाली तर आतलं पाणी उडून सुकतात. म्हणजे ओलही नको आणि कोरडंही नको. त्या दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेत सगळा हिवाळा काढायचा.

आधी थोडी थंडी सोसलेला भुंगेरा पुढची कडक थंडी जास्त सोसतो. काही जातींत थोडी तहान सोसलेलाही थंडीला टिकतो. पण सगळं एकदम अंगावर आलं तर तयारी कामी येत नाही. तहानलेला, भुकेला, आणि वर एकाएकी गोठण. मग नाही.

आणि ते तासाचं. ते मला आधीच माहीत होतं, साहेबांनीच शिकवलं. रोज तासभर आम्ही ट्रे थंड खोलीतून बाहेर काढतो. तेवढ्या उबेत भुंगेरे थंडीने झालेली आतली मोडतोड दुरुस्त करून घेतात. घड्याळबाई ओरडते, "झाला तास!" की लगेच आत. उशीर झाला तर ते पुरते जागे होतात, सैरावैरा चालतात, साठवलेली चरबी जाळून टाकतात. मग परत निजवून उपयोग नाही. खोक्यात भरले तर वाटेतच मरतात.

साहेब शिकवतात छान. आवाज मऊ होतो शिकवताना. "बिचाऱ्यांना रोज थोडी ऊब लागतेच, बाई," म्हणतात. आमच्या भरायच्या खोलीत शेगडी नाही. घड्याळबाई म्हणते, "पुढच्या जन्मी सहा पाय मागून घेणार आहे मी."

१० जानेवारी

आजही लेबलं.

१४ जानेवारी

जावई रोज संध्याकाळी येतात. वखार बंद झाल्यापासून त्यांना काम नाही, म्हणून येत असतील. ओले बूट दारातच काढतात, तिथे डबकं होतं, ते मला पुसावं लागतं. आल्या आल्या म्हणतात, "आई, शेगडी पेटवा की, बोटं वाकेनात माझी." मी एरवी पेटवत नाही. एका माणसासाठी काय पेटवायची. पण जावयाला थंडीत कसं बसवणार? तर पेटवते. तासभर बसतात. फार बोलतही नाहीत. कधी मी वाचलेलं सांगते, ते हं हं करतात. मग उठतात, "येतो," म्हणतात.

लेकीला विचारलं, "अगं, यांना घरी करमत नाही का?"

"बसू दे ना आई तिथे."

"बसू दे की. मी कुठे नको म्हणते. पण रोज?"

ती म्हणाली, "तुला काही कळत नाही," आणि विषय बदलला. लहानपणापासून हिची ही सवय. उत्तर नसलं की मलाच काही कळत नाही.

आज मात्र जावई बसल्या बसल्या शेगडीतली राख सारखी करत म्हणाले, "काम मिळालं, आई."

"अरे वा! कुठे?"

"तुमच्याकडेच."

"भरायला? बायकांत?"

"गाडीवर."

मी विचारलं, "कोणत्या गाडीवर?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"एकच तर आहे," जावई म्हणाले.

चिमटा हातात होता तो मी खाली आपटला. त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला. बिचारे घाबरले असतील. घाबरू देत.

१७ जानेवारी

साहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्या पायाशी विजेचा हीटर असतो, लाल तारांचा. त्यासमोर उभं राहिल्यावर माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या, इतकी ऊब.

म्हटलं, "गाडीच्या केबिनचा हीटर दुरुस्त झाला का?"

"पार्ट आलाय, बाई. फक्त बसवायचाय."

"मग बसवा."

"गाडी एक दिवस उभी राहायला हवी त्यासाठी. ऐन हंगाम आहे. कुठला दिवस काढू?"

"मागच्या कंटेनरचं इंजिन बंद पडलं तर?"

"छे, त्याचा आपण जादा संचच ठेवतो. अर्ध्या तासात बदलता येतं. मागचं बंद पडून कसं चालेल?"

हे ते सरळ चेहऱ्याने म्हणाले. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही. मी नुसती बघत राहिले. मग कुठेतरी त्यांच्या ध्यानात आलं असावं. चष्मा काढून पुसू लागले.

"तुमच्या मनात काय चाललंय ते समजतंय मला," म्हणाले. "मागच्या वेळचं फार वाईट झालं. मला झोप लागत नव्हती. आपण जावईबापूंची काळजी घेऊ. महिनाअखेर बसवू हीटर, नक्की."

"थंडी महिनाअखेर संपणार आहे का?"

"बाई, तुम्ही खंबीर आहात. तुमच्याकडे बघून आम्हाला बळ येतं."

मला तो हीटर उचलून त्यांच्या टेबलावर ठेवावासा वाटला. "येते," म्हटलं आणि आले. जन्मभर मी "येते" म्हणत आले आहे.

२२ जानेवारी

जावयांची पहिली फेरी झाली. रात्र पलीकडे काढून आज दुपारी आले ते थेट माझ्याकडे. बोटं मेणासारखी पांढरी. मी परातीत कोमट पाणी घेतलं, हात त्यात धरायला लावले. कढत नाही घेतलं. गोठलेल्याला एकदम कढत दिलं तर चामडी फाटते. पाण्यात बोटं घातल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरीकडे बघितलं.

म्हणाले, "मागे पाहुणे मजेत होते, आई. पाच अंश. पुढे नोकर थरथरत होता."

"हसू नका."

"मग काय करू? रडू? गालावर गोठेल."

लेक मागोमाग आलीच. परात पाहून तिने मलाच धारेवर धरलं. "तू त्यांच्या डोक्यात काहीबाही भरू नकोस. किती महिन्यांनी घरात हसू आलंय. सारखं बाबा, बाबा. प्रत्येकाचं बाबांसारखं होत नाही."

"त्याच गाडीत झालं. ती गाडी बदललीये का?"

"आई, तुला किड्यांचं कौतुक आहे, त्यांना काय सोसतं, काय नाही, सगळं तोंडपाठ. माणसांशी मात्र नुसतं भांडतेस."

"किडे मला खंबीर म्हणत नाहीत," मी म्हटलं.

जावई हसले. लेक हसली नाही. तिची बोटं नवऱ्याच्या बोटांवर होती, पाण्यात.

२३ जानेवारी

कालच्या बोलण्याचा राग गेला नाही म्हणून पुस्तक उघडलं, तर नेमकं हेच पान.

एकदा गोठणीतून वाचलेला किडा आणि पुन्हा पुन्हा गोठणीतून वाचलेला किडा, दोन्ही वरून सारखेच दिसतात. चालतात, खातात, ठिपकेही तेवढेच. पण ज्याला पुन्हा पुन्हा सोसावं लागलं त्याच्यातली चरबी सरलेली असते. दर वेळी दुरुस्तीला काहीतरी खर्च झालेलं असतं. तो मग अंडी कमी घालतो. तो टिकला, पण ते टिकणं त्याने कशातून तरी भागवलेलं असतं.

हे मी तीनदा वाचलं. मग जोरात वाचलं. ऐकायला कोणी नव्हतं.

साहेब, शेजारीण, माझी नणंद, सगळे मला कसे टिकल्या म्हणतात! जणू बक्षीस द्यायचंय. कोणी विचारत नाही, कशातून भागवलं. कालच भांडी घासताना लक्षात आलं, हे जो सूर गुणगुणायचे तो मला आठवत नाही. अर्धाच आठवतो.

मोजा अजून तसाच आहे. मी टाका घातलेला नाही. आल्यावर घाल म्हणाले होते.

२९ जानेवारी

रेडिओवर सांगितलं, उद्यापासून घाटात हिमवृष्टीची शक्यता, गरज नसेल तर प्रवास टाळा. मी ते ऐकून तशीच साहेबांकडे गेले. त्यांनीही ऐकलं होतं.

"शक्यता आहे, बाई. शक्यता रोजच असते. तिकडे माव्याने रोपं काळी पडलीत. उद्या भुंगेरे पोचले नाहीत तर पीक जाईल त्यांचं."

"गाडी रिकामी उभी करा. हीटर बसवा. परवा पाठवा."

"परवा तर वादळ नक्की असेल! उद्याच जाऊन यायला हवं." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्हालाही माहितीये, जास्त दिवस ठेवले तर भुंगेरे सुकतात. आधीच यंदा हवा कोरडी आहे. थंडी, कोरडेपणा, उपास… तिन्ही एकदम नाही सोसत त्यांना."

हे त्यांनी मला सांगितलं. मला!

मी म्हटलं, "आणि ड्रायव्हरला किती सोसतात?"

त्यांनी मान खाली घातली. वाईट माणूस नाही तो. तोच राग आहे माझा. वाईट असता तर सोपं होतं, तोंडावर थुंकून आले असते. एवढं सगळं ज्याला कळतं, ज्याचा जीव भुंगेऱ्यासाठी तुटतो, त्याला केबिनच्या काचेपलीकडे बसलेला माणूस दिसत कसा नाही? डोळ्यांत काही दोष आहे का?

संध्याकाळी जावई आले. मी शेगडी पेटवली. ह्यांची पक्कड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"अडकलात तर सील तोडायचं. आत जाऊन बसायचं. पेंढा अंगावर घ्यायचा."

"आई, सील तोडलं तर नोकरी गेली."

"जाऊ दे."

"तुम्हाला म्हणायला काय जातंय? वखार बंद झाल्यावर मी घरात कसा बसून होतो ते तुमच्या लेकीला विचारा. भिंत बघत बसायचो." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि खरं सांगू? सासऱ्यांनी नाही तोडलं. तिथे सगळे अजून नाव काढतात त्यांचं. घाटाच्या दोन्ही टोकांना. त्यांचा जावई म्हणून मला चहा पाजतात. मी तोडू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठे आहे नाव? लेबलावर? लेबलावर भुंगेरा आहे!"

"आई…"

"त्यांनी तोडलं नाही हे शहाणपण नव्हतं. मूर्खपणा होता. हट्टी होते, भित्रे होते, कोणी रागावेल म्हणून जीव गेला तरी जागचे हलले नाहीत. घरात साधं दार ओढून घेता येत नव्हतं, आणि तिथलं दार मात्र…"

धूर गेला होता डोळ्यांत. ही शेगडी फार धूर करते.

जावयांनी पक्कड माझ्याकडे सरकवली. "सकाळी नवाला निघतो," म्हणाले. "काळजी करू नका. मी जाड मोजे घालीन." बूट घालताना त्यांनी दारातलं डबकं स्वतः पुसलं. मग दार नीट ओढून घेतलं.

८ फेब्रुवारी

बर्फ पडलं नाही.

हे आधी लिहिते, कारण जो तो मला हेच ऐकवतो. घाटात त्या दिवशी ऊन होतं. दुसऱ्या दिवशी थोडी भुरभुर, मग पुन्हा ऊन. रस्ता तासभरही बंद झाला नाही. लेक म्हणाली, "बघ. झालं समाधान?" मी म्हटलं, "नाही पडलं म्हणून काय ते पडणार नव्हतं?" ती म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही." दार आपटून गेली.

मला कामावरून काढलं, ते योग्यच केलं. साहेबांच्या जागी मी असते तरी काढलं असतं. ते ओरडले नाहीत. भिंतीवर चढणारे भुंगेरे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तर यांना सांभाळत होता." ते मात्र मला लागलं. सांभाळत होतेच मी. खरं तर वर्षभर रोज सकाळी उठण्याचं माझं कारण तेच होतं. ट्रे बाहेर काढायचे असतात, म्हणून उठायचं. त्या भुंगेऱ्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. लेबलसुद्धा त्यांनी लिहिलं नव्हतं.

आवरायला मी थांबले. मला जा म्हणाले, तरी थांबले. दोन दिवस ते फिरले, खिडकीच्या काचेशी उडले, त्यांना खायला काही नव्हतं, हवा कोरडी. मग पडू लागले. झाडताना आवाज होतो त्यांचा, सुपात डाळ हलवल्यासारखा. घड्याळबाई केरभरणी धरून बसली होती. इतकी वर्षं वेळ ओरडणारी बाई, त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. शेवटी उठताना तिने माझ्या पदरावर बसलेला एक भुंगेरा अलगद उचलला आणि आपल्या ओंजळीत घेऊन गेली. कुठे नेला, विचारलं नाही.

गाडी रिकामी उभी होती. म्हणून मेकॅनिकने हीटर बसवला. सकाळी कामाला लागला आणि जेवायच्या सुट्टीआधी हात पुसत बाहेर आला. एवढंच काम होतं. वर्षभर एवढंच काम होतं!

हे जावयांनी नाही सांगितलं, घड्याळबाईने निरोप धाडला. जावई आठवडाभर आलेच नाहीत. त्यांच्यावर संशय घेतला गेला, दोघं मिळून केलं का म्हणून. पुढे मिटलं ते, नोकरी राहिली, पण माझ्यामुळे त्यांना मान खाली घालावी लागली. चहा पाजणारे आता काय म्हणत असतील कोण जाणे. न येऊ देत. मी आठवडाभर शेगडी पेटवली नाही, सरपण वाचलं.

काल संध्याकाळी आले. बूट काढले, बसले. पेटवा म्हणाले नाहीत. मी पेटवली. तासभराने उठले. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "केबिनमध्ये आता घाम येतो." आणि गेले. यावर माणसाने काय बोलायचं असतं? ते गेल्यावर ह्यांचा मोजा काढला आणि टाका घातला. वाकडा आला.

आता केलं ते लिहून ठेवते, कारण ते आपापल्या सोयीने सांगणारे झालेत. कोणी म्हणतं, थंड खोलीचं यंत्र आपोआप बंद पडलं आणि बाईंच्या लक्षात आलं नाही. कोणी म्हणतं, नवरा गेल्यापासून डोकं ठिकाणावर नव्हतं. साहेबांनी कागदावर "नजरचूक" लिहिलंय, माझ्यावर उपकार म्हणून. नजरचूक झाली नाही. माझी नजर चांगली आहे.

पक्कड ठेवून जावई गेले त्या संध्याकाळी मी जेवले, भांडी घासली, राख काढली आणि निजले. झोपही चांगली लागली. दुसऱ्या दिवशी उजाडताच कामावर गेले, थंड खोलीचं यंत्र बंद केलं, साहेबांच्या टेबलाखालचा हीटर आत नेऊन लावला, एकेक करून सगळ्या ट्रेंची झाकणं काढली, आणि भुंगेरे पंख उघडेपर्यंत दाराला पाठ लावून बसून राहिले.